सगळ्यांना मान्य असलेला गुन्हा

"नारळाचं एकच भकल जप्त केलंय. दुसरं कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

हवालदार टेबलासमोर उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "दुसरं आरोपी नंबर दोननं खाल्लं, मॅडम."

"खाल्लं?"

"होय मॅडम. म्हणून त्याच्यावर पुरावा नष्ट केल्याचं कलम पण घेतलंय."

मी भिंतीला लागून स्टुलावर बसले होते आणि लिहून घेत होते. हसावं की नाही ते कळेना. मॅडम हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. "भकल खाल्ले" एवढं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी मला रत्नागिरीत सरकारी वकिलांचं ऑफिस मिळालं; मॅडम तिथल्या सरकारी वकील. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई मंडणगडकडे गावी असते, बाबा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन आहेत. आईला अजून वाटतं की मी पोलिसात लागले. "सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच वकील ना?" असं ती फोनवर विचारते. इथे येईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. त्यामुळे आधी तेवढं सांगते.

गुन्ह्याचा तपास पोलीस करतात. तपास संपला की ते चार्जशीट तयार करतात, म्हणजे अमुक माणसाने अमुक गुन्हा केला आणि त्याचा हा पुरावा, असा कागदांचा गठ्ठा. तो कोर्टात जाण्याआधी सरकारी वकिलांकडे येतो. याला स्क्रुटिनी म्हणतात. सरकारी वकील दोन गोष्टी बघतात. जे घडलं ते कायद्यात गुन्हा म्हणून बसतं का? आणि बसत असेल तर हा पुरावा कोर्टात टिकेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे जायचं. पोलीस मेहनत करून आले आहेत, फिर्यादी चिडला आहे, गावात चर्चा आहे, यातलं काहीही बघायचं नाही. मॅडम म्हणतात, "आपण कुणाच्याच बाजूचे नाही. आपण फाइलच्या बाजूचे."

आता ही फाइल.

रत्नागिरीपासून आत एक गाव आहे. तिथले दत्ताराम मुंबईत नोकरी करून रिटायर झाले आणि गावी येऊन त्यांनी बंगला बांधला. बंगल्याभोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला आणि लोखंडी गेट बसवलं. गडग्याच्या आत वाडीची पायवाट गेली. याच वाटेने वाडीतली पोरं अंगणवाडीत जायची. गेट लागल्यावर पोरांना डांबरी रस्त्याने लांबचा वळसा पडू लागला. अंगणवाडीच्या मदतनीस सुनंदाकाकू रोज पोरांना आणायला जातात. त्या दत्तारामांशी भांडल्या, ग्रामपंचायतीत जाऊन आल्या, काही झालं नाही. मग त्यांनी ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घातलं.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे केलेली तक्रार. तक्रार करणाऱ्याच्या वतीने देवळातला गुरव ती देवापुढे मांडतो. नारळ ठेवतो आणि खड्या आवाजात सगळी हकीकत सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. शेवटी नारळ फुटतो. एक भकल देवापुढे राहतं, एक गुरवाला जातं.

तर गुरवाने देवीला सांगितलं की जो कोण आडवा आला असेल त्याला सरळ कर, आणि वाट मोकळी होईपर्यंत त्याच्या घरी पाणी चढू देऊ नको. त्याच आठवड्यात दत्तारामांच्या विहिरीवरचा पंप जळला. दत्तारामांनी घाबरून गेट उघडलं. आणि मग पोलिसात फिर्याद दिली.

आमच्या कायद्यात खरोखरच असं एक कलम आहे. भारतीय न्याय संहिता, कलम तीनशे चोपन्न. मी असं काही करीन की तुझ्यावर देवाचा कोप होईल, असं एखाद्याला वाटायला लावायचं आणि कायद्याने जे करायला तो बांधील नाही ते त्याच्याकडून करून घ्यायचं, हा गुन्हा आहे. वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसांनी कोर्टाची परवानगी घेऊन तपास केला होता. सुनंदाकाकू आरोपी नंबर एक, गुरव आरोपी नंबर दोन. मुद्देमालात जळलेला पंप आणि भकल.

"साक्षीदार एवढे का?" मॅडमनी यादी बघत विचारलं.

"होय महाराजा म्हणणारे आहेत सगळे," हवालदार म्हणाले. "साहेब म्हणत होते मदत केली म्हणून त्यांना पण आरोपी करा. पण मग अख्खी वाडीच आरोपी झाली असती. साक्षीला कोण उरलं असतं?"

"आणि पंपाच्या मेकॅनिकचा जबाब?"

"आहे की. पान उलटा."

मॅडमनी मोठ्याने वाचलं. "कॉइल जळाली आहे. व्होल्टेजमुळे जळाली की देवीमुळे, हे मी खात्रीने सांगू शकत नाही."

"प्रामाणिक माणूस आहे," हवालदार म्हणाले.

मला या फाइलमध्ये सगळ्यात विचित्र वाटलं ते वेगळंच. एवढ्या जबाबांत कुणीही कुणाला खोटं पाडलं नव्हतं. फिर्यादी म्हणत होता, देवीने माझा पंप जाळला. साक्षीदार म्हणत होते, देवीनेच जाळला. आरोपी नंबर एक म्हणत होत्या, मी सांगितलं म्हणून जाळला. आरोपी नंबर दोन म्हणत होता, माझ्या तोंडून सांगितलं म्हणून जाळला. पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं होतं की खटला म्हणजे दोन बाजूंचा वाद. इथे बाजू एकच होती आणि सगळे तिच्यात उभे होते.

मॅडमनी फाइल माझ्याकडे सरकवली. "प्रज्ञा, ओपिनियनचा कच्चा मसुदा तू लिही."

मी हॉस्टेलवर बसून लिहिला. कलम घेतलं, त्याचा एकेक भाग वेगळा केला आणि प्रत्येकापुढे पुरावा मांडला. देवाच्या कोपाची भीती: आहे. भीतीमुळे गेट उघडलं: फिर्यादी स्वतः सांगतो. आरोपींचा हेतू: स्वतःच सांगतात. सगळं इतकं चपखल बसलं की मला माझंच कौतुक वाटलं. शेवटी लिहिलं, "सबब दोषारोपपत्र दाखल करण्यास हरकत नाही."

मॅडमनी सकाळी वाचलं. "छान लिहिलंयस. आता तू सुनंदाबाईची वकील आहेस असं समज आणि हेच परत लिही."

"पण मॅडम, त्यांना तर सगळं मान्य आहे."

"म्हणून तर. मान्य असण्यात आणि सिद्ध होण्यात काय फरक असतो ते तुला लिहिताना कळेल."

मला लगेच काही कळलं नाही. मी फाइल घेऊन बाहेरच्या बाकावर बसले.

दुपारी सुनंदाकाकू स्वतःच आल्या. सोबत गुरव. काकूंच्या काखेत एक बरका फणस होता, पिकलेला. त्याचा वास त्यांच्या आधी आत पोचला. मॅडमनी दारातच हात वर केला.

"तुम्ही या केसमध्ये आरोपी आहात. माझ्याशी केसबद्दल बोलू नका. तुमचा वकील करा. आणि तो फणस आत आणू नका."

"बाईसाहेब, दोन मिन्टं," गुरव म्हणाला. "आमचं येवढंच म्हणणं हाय, केस मागं घेव नका."

मॅडमनी चष्मा काढला. "काय?"

"मागं घेव नका. कोर्टात जाव दे."

"तुम्ही आरोपी आहात हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळताय की. पर आता पोलिसांनीच लिवलंनी हाय की आमच्या गाऱ्हाण्यानं पंप जळला. आजूबाजूच्या गावची मान्सं येत्यात आता. आनि तुमी लिवलात की तसा काय नाय, तर आमी तोंड कुठं दाखवाचा?"

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्रज्ञा, यांना बाहेर बसव."

बाहेर बसवलं. फणस बाकाखाली ठेवला गेला. मी उठून आत जायला लागले तर काकूंनी माझा हात धरला.

"काय गो बाय, तू वकील काय?"

"नाही काकू. मी शिकतेय. आणि मला तुमच्याशी केसबद्दल बोलता येत नाही."

"मग तू बोलू नको. मी बोलताव, तू ऐक." त्या पदराने वारा घेत बसल्या. "जज्ज इचारतील ना, गुन्हा कबूल हाय का? मी सांगनार, कबूल."

मी परत खाली बसले. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण कोर्टात उभं राहून आरोपीनेच गुन्हा कबूल म्हटलं, तर ते चालतं. त्यावर शिक्षा होऊ शकते. आणि शिक्षा झालेल्या बाईला अंगणवाडीत कोण ठेवणार?

"काकू, असं म्हणू नका. नोकरी जाईल तुमची."

"नोकरी कशी जाईल? मी काय चोरी केली? देवीला सांगितलं, देवीनं ऐकलंन. आता कोर्टात नाय म्हनू? म्हंजे देवीला खोटी पाडू? येवढी वर्सं पोरांना शिकीवताव, खोटा बोलू नका म्हनून."

"तो पगार गेला तर?"

काकूंनी वारा घेणं थांबवलं. "घरात तेवढाच येतो," एवढंच म्हणाल्या. मग परत मान ताठ करून, "पर मी कबूलच सांगनार."

मी आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. आरोपीचं ऐकून घेतलं म्हणून त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण पटकन म्हणाल्या, "तिची नोकरी हे आपलं कारण होऊ शकत नाही."

"पण मॅडम..."

"आज तुला ही बाई आवडली म्हणून सोडली. उद्या एखादा आवडला नाही म्हणून अडकवशील. कारण फाइलमध्ये असलं पाहिजे. असेल तर शोध. नसेल तर ती कबूल म्हणेल आणि आपण गप्प बसू."

त्या दिवशी मला मॅडम थोड्या कठोर वाटल्या, हे खरं सांगते.

मी पुन्हा फाइल उघडली. माझी एक अडचण होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. आम्ही बौद्ध. आमच्या घरात गाऱ्हाणं नसतं. लहानपणी गावच्या देवळाच्या लाऊडस्पीकरवरून ऐकू यायचं तेवढंच. त्यामुळे जबाबांतल्या कितीतरी गोष्टी इतरांना उघड होत्या आणि मला नव्हत्या. हवालदार दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा मी संकोचत विचारलं.

"काका, गाऱ्हाण्यात दत्तारामांचं नाव घेतलं होतं का?"

"नाव कसं घेतील? गाऱ्हाण्यात नाव घेत नाहीत. जो कोण असेल तो, असंच म्हणायचं. देवाला माहीत असतं."

"मग होय महाराजा कोण म्हणतं?"

"हजर असतील ते सगळे. न म्हणून कसं चालेल? गप्प बसला तर लोकांना वाटायचं यानंच काहीतरी केलंय."

"त्या दिवशी देवळात कोण कोण होतं?"

"उत्सव होता ना. सगळा गाव होता."

हा प्रश्न बावळट असणार असं वाटत होतं. "मग दत्तारामही होते?"

"ते विचारायचंच राहिलं," हवालदार म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

मॅडमनी फिर्यादीचा पुरवणी जबाब घ्यायला सांगितलं. पुरवणी जबाब म्हणजे आधी विचारायचं राहिलेलं पुन्हा विचारून लिहून घेणं. जबाब होऊन आला. पण दत्तारामांचं त्यावर समाधान नव्हतं, म्हणून पाठोपाठ ते स्वतःही आले. इस्त्रीचा सफारी, हातात जळलेल्या पंपाचं बिल.

"मॅडम, हवालदार भलतंच विचारतायत. मी देवळात होतो का म्हणे! म्हणजे काय? आमचं मानाचं घर आहे. आमच्याशिवाय उत्सव उभा राहत नाही."

"गाऱ्हाण्याला होतात?"

"पहिल्या रांगेत."

"होय महाराजा म्हणालात?"

"सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो. मुंबईला राहिलो म्हणून काय आवाज बसला वाटला काय?"

"वाट मोकळी होईपर्यंत त्याच्या घरी पाणी चढू देऊ नको, यालाही?"

दत्तारामांनी बिल टेबलावर ठेवलं. "अहो, ते... ते सगळेच म्हणत होते. मला काय माहीत माझ्याबद्दल चाललंय? तीन वाड्यांत वाटेची भांडणं आहेत."

"म्हणजे तुम्हाला उद्देशून कुणी काही बोललं नाही."

"नाव नाही घेतलं. पण पंप जळल्यावर मला कळलं ना!"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? पंप जळला की!"

मॅडमनी शांतपणे समजावलं. धमकी द्यायची तर ती कुणाला तरी दिली पाहिजे. इथे आरोपींनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही. तुम्ही पंप बघून स्वतःच ठरवलं. वाट वहिवाटीची असेल तर ती मोकळी ठेवायला तुम्ही कायद्याने बांधीलच होता, मग हे कलम लागत नाही. ती वहिवाटीची आहे की नाही हा तहसीलदारांचा विषय. "आणि एवढ्यावरही हे गाऱ्हाणं म्हणजेच गुन्हा असं धरायचं झालं, तर त्यात मोठ्याने होकार देणारे पहिल्या रांगेत बसले होते. मला आरोपी नंबर तीन लिहावा लागेल."

दत्तारामांनी बिलाची घडी घातली. "पण मग पंप कोणी जाळला?"

"ते या ऑफिसचं काम नाही," मॅडम म्हणाल्या.

आता प्रश्न उरला फाइल बंद कशी करायची याचा. महाराष्ट्रात पोलीस चार्जशीट न पाठवता केस बंद करतात तेव्हा कोर्टाला समरी पाठवतात. तिचे तीन प्रकार. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'बी' म्हणजे फिर्यादच खोटी. 'सी' म्हणजे खरी नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची.

हवालदार टोपी हातात घेऊन उभे होते. मग आशेने म्हणाले, "मॅडम, ए पाठवली तर? गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही. कुणाचाच अपमान नाही."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "आणि पुढे देवी मिळून आली तर अटक करणार?"

हवालदारांनी गपचूप टोपी घातली.

'सी' समरी गेली. मी मसुदा उलट बाजूने परत लिहिला होता. मॅडमनी त्यातलं अर्धं खोडलं आणि सही केली. नोकरीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मी एक वाक्य घातलं होतं, ते सगळ्यात आधी खोडलं गेलं.

समरीवर फिर्यादीला कोर्टात बोलावतात आणि हरकत आहे का विचारतात. मी मागच्या बाकावर बसले होते. सुनंदाकाकू आणि गुरव बोलावलं नसताना आले होते.

"केस बंद करायला तुमची हरकत आहे का?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं.

दत्तारामांनी मागे वळून गुरवाकडे बघितलं. "हरकत नाही साहेब. पण आधी त्यांना गाऱ्हाणं मागे घ्यायला सांगा."

गुरव जागेवरूनच म्हणाला, "मागं घ्याला दुसरा नारळ लागतो साहेब. आनि वाट मोकळी ऱ्हायली पायजे."

"शांत बसा," साहेब म्हणाले. त्यांनी थोडा वेळ कागद बघितले. "गाऱ्हाणं मागे घेणं या कोर्टाच्या अधिकारात नाही. समरी मंजूर."

एवढंच. आरोप ठेवला गेला नाही. कबूल की नाही हा प्रश्न काकूंना कुणी विचारलाच नाही. त्या तोंड उघडून तयार बसल्या होत्या, ते तसंच राहिलं.

बाहेर व्हरांड्यात मी धावत त्यांच्याकडे गेले. आनंदात होते. "काकू, झालं. केस संपली. नोकरीला आता काही होत नाही."

"काय लिवलंत तुमी?" त्यांनी विचारलं.

मी समजावलं. खरं नाही, खोटंही नाही, असं लिहिलं.

"म्हंजे मी सांगितलं ता खरा नाय?"

"तसं नाही काकू. खोटंही नाही."

"खरा नाय आनि खोटा नाय, असा काय असतंय गो?" त्या म्हणाल्या. "चांगली शिकलीस." आणि गुरवाला घेऊन एसटी पकडायला निघून गेल्या. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

गेट अजून उघडं आहे, असं हवालदार मध्ये म्हणाले. पोरं त्याच वाटेने जातात, काकू त्यांना आणतात. दत्ताराम तहसीलदारांकडे गेलेले नाहीत. गुरवाचं नाव आधीपेक्षा मोठं झालं आहे, कारण गावात आता असं सांगतात की कोर्टालासुद्धा त्याचं गाऱ्हाणं मागे घेता आलं नाही.

त्या दिवशी मी ऑफिसात तोंड पाडून बसले होते. मॅडमनी पुढची फाइल माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आभार मानले नाहीत का तिने?"

"नाही," मी म्हणाले.

"कुठल्या कलमात लिहिलंय मानले पाहिजेत म्हणून?"

मी शोधलं नाही. नवी फाइल उघडली. त्यात एका म्हशीने एका मोटारसायकलला धडक दिली होती आणि साक्षीदारांचं पुन्हा एकमत होतं. मी लगेच मसुदा लिहायला घेतला नाही. आधी सगळे जबाब परत वाचले.